एकटीची फेरी

आम्ही पंचवटीतल्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्यातल्या एकीनं भाजी न्यायला गटाच्या कर्जातून मोटारसायकल घेतली. हप्ते फिटल्यावर म्हणाली, "एक दिवस एकटी फिरून येते. काम काही नाही." आमच्यातच कुजबुज झाली. कामाशिवाय बाई बाहेर? नवऱ्याला तरी ने! ती म्हणाली, "मग तो थांबेल तिथंच थांबावं लागतं."

सकाळीच निघाली. पहिला फोटो काळाराम मंदिराच्या दाराचा. १९३० साली इथंच मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला, त्यात बायाही होत्या. मग तपोवनातला कपिला-गोदावरी संगम, पुढे सोमेश्वरचा धबधबा. खडक शेवाळलेले, म्हणून तिनं फोटो लांबूनच काढला. (बायांनो, सेल्फीसाठी पाण्यात उतरू नका.)

दुपारी पांडवलेणी. गाडी पायथ्याशी लावून पायऱ्या चढली. तिसरं लेणं गौतमी बलश्रीनं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, भिक्षूंना दान दिलं. तसा लेख भिंतीवर कोरलाय. ते ऐकून ती तिथंच बराच वेळ बसली.

दिवसभराच्या फोटोंत ती स्वतः एकातच दिसते. लेण्यात भेटलेल्या एका आजींनी काढलेला, जरा तिरका.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, तेव्हा एकीनं हळूच विचारलं, "पेट्रोल किती लागलं गं?"