दर्यावरचा सेनानी आणि सलोख्याचे काम



अंधेरी स्टेशनातून पश्चिमेकडे निघाले, की रस्ता संपतो तिथे वेसावे लागते. खाडीच्या तोंडाशी होड्या नांगरलेल्या, पलीकडे मढ. आणखी थोडे उत्तरेला मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर नौदलाचे ‘हमला’ हे केंद्र आहे. कोळ्याचे जाळे आणि नाविकाचा गणवेश आमच्या उपनगरात असे शेजारीशेजारी नांदतात. आज ज्यांच्याविषयी सांगायचे आहे, त्या ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या गोष्टीतही ही दोन्ही माणसे आहेत.

रामदास यांचा जन्म माटुंग्याचा, ५ सप्टेंबर १९३३ चा. स्वराज्य येऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच, १९४९ साली, ते डेहराडूनला सैनिकी शिक्षणासाठी दाखल झाले आणि १९५३ मध्ये नौदलात अधिकारी झाले. त्यांचा खास विषय होता संदेशवहन. एका जहाजाचे म्हणणे दुसऱ्या जहाजाला नेमके कळले पाहिजे. कळण्यात चूक झाली तर माणसे बुडतात. हा विषय लक्षात असू द्या.

१९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले. तेव्हा रामदास ‘बियास’ या युद्धनौकेचे कप्तान होते. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाच्या जोडीला त्यांची नौका बंगालच्या उपसागरात होती. त्या पाण्यात सुरुंग पेरलेले, पाणबुडीचे भय वेगळेच. पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी करायची, रसद घेऊन येणारी गलबते अडवायची, कॉक्स बाजारच्या बाजूला मारा करायचा, असे ते काम. त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. इकडे पश्चिमेला ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदर पेटवले, आणि ९ डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. विजयाचा आनंद सगळ्या देशाने केला. पण आपल्याच दलातली १९४ माणसे एका रात्रीत गेल्याचे दुःख ज्याने त्या गणवेशात राहून सोसले, त्याला युद्ध ही काय चीज आहे हे कोणी शिकवावे लागत नाही.

पुढे चढत चढत १९९० च्या अखेरीस ते नौदलाचे प्रमुख झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, नौदलात स्त्रियांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळू लागला. १९९३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पत्नी ललिताबाईंसह अलिबाग तालुक्यातल्या भायमळा गावी जाऊन राहिले. ललिताबाई म्हणजे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल कटारी यांची कन्या. एवढ्या हुद्द्याचा माणूस दिल्लीत बंगला करून सुखाने राहिला असता. हे गावात राहिले, शेती केली. पुढे महामुंबई सेझसाठी जमिनी द्यायला रायगडच्या शेतकऱ्यांनी नकार दिला, तेव्हा तेही त्या शेतकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले.

आता मुख्य गोष्ट. १९९० नंतरच्या त्या वर्षांत दोन्ही देशांतल्या काही नागरिकांनी मिळून ‘पाकिस्तान-भारत लोकमंच’ उभा केला. सरकारे बोलेनात, तर निदान माणसांनी बोलावे, असा साधा विचार. पहिले अधिवेशन १९९५ साली दिल्लीला झाले. इकडच्या कामाची धुरा पुढे रामदास यांनी वाहिली. तिकडे होते लाहोरचे पत्रकार आय. ए. रहमान. १९९८ च्या मे महिन्यात दोन्ही देशांनी अणुस्फोट केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मंचाचे अधिवेशन पेशावरला भरले. १९९९ ला कारगिल झाले. २००० साली अधिवेशन बंगळूरला. २००३ चे अधिवेशन कराचीला झाले, म्हणजे आपल्या नौकांनी जे बंदर पेटवले होते त्याच गावात. २००४ साली रामदास आणि रहमान या दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. रायगडमधल्याच गागोद्याला जन्मलेल्या विनोबांना १९५८ साली मिळाला, तोच हा पुरस्कार.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवे, की हे सगळे ठीक, पण २६ नोव्हेंबर २००८ चे काय? ते मारेकरी समुद्रावरूनच आले. पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीवरच्या गरीब खलाशांचा त्यांनी आधी जीव घेतला. त्या रात्री आमच्या विलेपार्ल्यात, हमरस्त्यावर, एका टॅक्सीत बाँब फुटला. त्यानंतर शेजाऱ्याशी बोला म्हणणाऱ्याला लोक काय म्हणत असतील, हे मी सांगायला नको. अणुबाँबविरुद्ध रामदास बोलत तेही पुष्कळांना पटत नसे. मलाही त्यांचे सगळेच पटते असे नाही. पण एक गोष्ट उघड आहे. हेच तुम्ही-आम्ही बोललो असतो तर भित्रा म्हणून कोणीही गप्प केले असते. वीरचक्रवाल्याला भित्रा कसे म्हणणार? युद्धात कमावलेली पत त्यांनी लोकांना न आवडणारे बोलण्यासाठी खर्च केली. पदक काचेच्या कपाटात ठेवून भाषणांत मान घेणे त्याहून सोपे होते.

आणि हे बोलणे हवेतले नव्हते. गुजरातच्या पश्चिमेला सर क्रीकपाशी दोन देशांची हद्द आजही ठरलेली नाही. पाण्यावर रेघ दिसत नाही. मासळीच्या मागे होडी जाते, कधी ओढ लागते, आणि गस्तीवाले धरतात. असे आपले मच्छीमार कराचीच्या तुरुंगात पडतात, तिकडचे आपल्याकडे. ओखा-पोरबंदरच्या बोटींवर आपल्या डहाणू-तलासरीकडची माणसेही खलाशी म्हणून जातात. घरी बायको, म्हातारी आई, चुलीवर काय ठेवायचे ही विवंचना. या माणसांना सोडा, असे दोन्ही सरकारांना सांगणे हे मंचाचे एक कायमचे काम राहिले. २००८ च्या करारापासून दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देऊ लागले. गुरुजींनी वर्गात भूगोल शिकवताना पोरबंदर आणि कराची नकाशावर मुलांना बोटाने मोजायला लावावे. अंतर किती थोडे आहे ते त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

रहमानसाहेब २०२१ साली लाहोरला वारले. ॲडमिरल रामदास १५ मार्च २०२४ रोजी हैदराबादला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. त्या वर्षीच्या १ जानेवारीच्या यादीत पाकिस्तानच्या तुरुंगात असलेले आपले मच्छीमार होते १८४, आणि आपल्या तुरुंगात त्यांचे ८१.