शंट असताना दुर्बिणीची शस्त्रक्रिया
मेंदूतले जादा पाणी पोटात उतरवणारी शंटची नळी ज्यांना बसवली आहे, त्यांचे पित्ताशय दुर्बिणीतून काढावे का? श्रोतेहो, शंका रास्त आहे. या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात. दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. मग पाणी उलटे वर चढेल? पण शंटची झडप एकाच दिशेने उघडते, आणि प्रयोगशाळेत तिने याहून कितीतरी जास्त उलटा दाब सोसला आहे. प्रकाशित रुग्णमालिकांतही गुंतागुंत क्वचितच दिसते. निचरा मंदावून मेंदूतला दाब काही काळ वाढू शकतो, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून पोटातला दाब कमीत कमी आणि भूलतज्ज्ञांचे लक्ष अखंड हवे. केवळ तेवढ्यासाठी सरसकट मोठा छेद घेणे मला पटत नाही. शंट असल्याचे सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.