इयत्ता आणि फॉर्म



‘आजोबा सिक्स्थ फॉर्म पास होते,’ असे आम्ही तंजावरकर अभिमानाने सांगतो, आणि पुण्याचे सोयरे मनात म्हणतात, ‘म्हणजे केवळ सहावी!’ हा गैरसमज दूर व्हावयास हवा.

जुन्या मद्रास इलाख्यात पाच वर्गांनंतर पहिला फॉर्म सुरू होई. सहावा फॉर्म म्हणजे अकरावे वर्ष, त्याअखेर एस.एस.एल.सी. परीक्षा. मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली येई, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. आमचा सहावा फॉर्म व तिकडची इंग्रजी सातवी एकाच पायरीवर! इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्म मात्र १६ ते १८ वर्षांच्या मुलांचा. फ्रान्समध्ये तर ११ वर्षांचे मूल ‘सहावी’त जाते आणि पुढे पाचवी, चौथी असे उलटे मोजत चढते.

संस्कृतात ‘इयत्ता’ म्हणजे ‘एवढेपणा’, परिमाण. मोजणी कोठून आरंभली हे न सांगता नुसता आकडा सांगितला, तर माप चुकते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या शिक्षणाची नोंद करताना प्रत्येक कुटुंबाने इलाखा, वर्ष व परीक्षा अवश्य लिहावी.

एक खंत उरते. सरफोजीराजांच्या या नगरीत आमच्या मुलांना तमिळ ‘वगुप्पु’ आहे, इंग्रजी ‘स्टँडर्ड’ आहे. आमच्या घरच्या मराठीला इयत्ताच नाही. ती आजीच्या मांडीवर, आकड्यावाचून शिकली जाते. तो वर्ग तरी आपण बंद पडू देऊ नये.