वाळू आपली, चुंबक परक्याचे



गावात वीज नव्हती त्या काळी लग्नाची वरात गॅसबत्तीच्या उजेडात निघत असे. त्या बत्तीच्या जाळीचा इतिहास त्रावणकोरच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू होतो. ही जाळी थोरियम ऑक्साइडची असे आणि त्यात सुमारे एक टक्का सेरियम असे. 1909 साली शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळले आणि युरोपातील दिवे केरळच्या वाळूवर उजळू लागले. स्वातंत्र्यानंतर 1950 साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 1952 साली आलुवा येथे तिचा कारखानाही सुरू झाला. त्या वेळी या क्षेत्रात चीनचे नाव कोणी घेत नव्हते, हे आजच्या तरुणांना सांगूनही पटत नाही.

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यातनियंत्रण लादले. बोटाएवढ्या चुंबकाअभावी मोटारींचे उत्पादन थांबते की काय, अशी चिंता भारतीय वाहन उद्योगाला लागली. वास्तविक ही 17 मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मीळ नाहीत. सेरियम तर पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतके आहे. कठीण आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे. काम किचकट, रसायने घातक आणि सोबतीला किरणोत्सर्गी थोरियम. पाश्चात्त्य देशांनी ही कटकट आनंदाने चीनकडे जाऊ दिली. जनरल मोटर्सने आपला चुंबक व्यवसाय 1995 साली ज्या गुंतवणूकदारांना विकला त्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि काही वर्षांत तो अमेरिकेतून उचलून चीनमध्ये नेण्यात आला. स्वस्ताईच्या मोहात स्वतःचे शस्त्र गहाण टाकण्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

यावर आपल्याकडचे सोपे उत्तर म्हणजे ‘आपल्या किनाऱ्यांवर मोनाझाइट आहे, ते उपसा’. ते उपसलेच पाहिजे. पण त्याने सारा प्रश्न सुटत नाही. भारतीय मोनाझाइटमध्ये निओडिमियम आणि प्रेझिओडिमियम मिळतात. तापलेल्या मोटारीतही चुंबकाची शक्ती टिकवून धरणारी डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड मूलद्रव्ये मात्र त्यात काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. म्हणून खाणीइतकीच प्रयोगशाळाही महत्त्वाची आहे. ही मूलद्रव्येच लागणार नाहीत असे पदार्थ शोधणे, हेही स्वदेशीच होय.

अशा शोधांना पूर्वी टंचाईनेच चालना दिली आहे. 1978 साली झाईरच्या शाबा प्रांतात युद्ध पेटले आणि कोबाल्टच्या किमती भडकल्या. समारियम-कोबाल्ट चुंबक परवडेनासे झाले. कोबाल्टवाचून चुंबक बनविण्याच्या धडपडीतून पुढे जपान आणि अमेरिकेत निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक जन्मले. जे आज जगाच्या गळ्यातील लोढणे झाले आहे, ते त्या वेळी सुटकेचे साधन होते!

आज पुढे असलेल्या पर्यायांत सर्वांत जुना फेराइट. लोहाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम यांपासून तो बनतो, स्वस्त असतो आणि गंजत नाही. मात्र त्याची ऊर्जाक्षमता निओडिमियम चुंबकाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे मोटार मोठी व जड होते. पंख्याला ते चालते, लढाऊ विमानाला नाही. दुसरा पर्याय लोह आणि नायट्रोजनचा. दोन्ही कुठेही मिळतात, पण हे संयुग उष्णता फारशी सोसत नाही. तिसरा सर्वांत विलक्षण. टेट्राटेनाइट नावाचा लोह-निकेलचा चुंबकीय प्रकार उल्कापाषाणांत आढळतो. अवकाशात लाखो वर्षे अत्यंत सावकाश थंड होताना लोह आणि निकेलचे अणू एकाआड एक थरांत बसतात, तेव्हा तो घडतो. तो प्रयोगशाळेत बनविण्यासाठी फ्रान्समध्ये 1960 च्या दशकात न्यूट्रॉनांचा मारा करून पाहिला गेला. 2022 साली केंब्रिजच्या संशोधकांनी मिश्रणात थोडे फॉस्फरस घातल्यास हीच रचना काही क्षणांत साधते, असे जाहीर केले. मात्र त्याचे कारखान्यात बनलेले चुंबक अद्याप बाजारात आलेले नाही.

चुंबकच नको, असाही मार्ग आहे. आपल्या रेल्वेची डब्ल्यूएपी-5 आणि डब्ल्यूएजी-9 ही इंजिने प्रवर्तन मोटारींवर धावतात. त्यांत तांबे, लोखंड आणि वीज, एवढेच.

दिव्यांच्या बाबतीत वाट अधिक सोपी झाली. सीएफएलच्या आत फासलेल्या पांढऱ्या पुडीत युरोपियम, टर्बियम आणि यिट्रियम असे. एलईडीला अशी पूड कितीतरी कमी लागते. 2015 च्या उजाला योजनेने कोट्यवधी घरांतील दिवे बदलले, तेव्हा विजेबरोबर हीही बचत झाली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. लाल प्रकाशासाठी आता मँगनीजयुक्त पोटॅशियम फ्लोरोसिलिकेट वापरले जाते. नागपूर-भंडारा आणि बालाघाटच्या खाणींचा हा देश, त्याला मँगनीजची उणीव नाही. पिवळ्या लेपातील यिट्रियम आणि सेरियमला मात्र तितक्याच तोलाचा पर्याय अजून मिळायचा आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने वर्षाला 6,000 टन दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्मितीसाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विशाखापट्टणमचा समारियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प 2023 सालीच राष्ट्राला समर्पित झाला आहे. आजची गरज त्यातून भागेल. उद्याच्या पदार्थांना मात्र वीस-वीस वर्षे लागतात आणि तेवढा काळ संशोधकाच्या पाठीशी उभे राहणारे कोणी लागते. निओडिमियम चुंबकाचा जनक मासातो सागावा फुजित्सू कंपनीत होता. लोहाधारित चुंबकाची त्याची कल्पना तेथे कोणी उचलून धरली नाही. 1982 साली तो राजीनामा देऊन सुमितोमोच्या धातू कंपनीत गेला आणि काही महिन्यांतच चुंबक तयार झाले.