बेथून शाळेंतील काळ्या फिती

मुलींच्या शाळेंतील पुढारीपण म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें वर्गाची मॉनिटर उभी राहते. फळा पुसून ठेवावयाचा, मास्तर वर्गांत नसतील तेव्हां गलबला करणाऱ्या मुलींचीं नांवें लिहून काढावयाचीं, संमेलनांत पाहुण्यांना हार घालावयाचा, ही तिची कामगिरी. शिक्षक जिला निवडतात ती बहुधा शिक्षकांना सोयीची असते. मुली जिच्यामागें जातात ती पुष्कळदां निराळीच असते, आणि तिच्या छातीवर बिल्ला नसतो. हा भेद शाळेच्या चार भिंतींच्या आंत सहसा झांकलेलाच राहतो. कलकत्त्याच्या बेथून शाळेंत १८८३ सालीं तो उघड्यावर आला.

ही शाळा जॉन एलियट ड्रिंकवॉटर बेथून या इंग्रज गृहस्थानें ७ मे १८४९ रोजीं २१ मुली घेऊन काढली. पंडित मदनमोहन तर्कालंकारांनीं आपल्या दोन मुली तींत घातल्या. कांहीं वर्षांनीं ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं चिटणिसाचें काम पत्करलें. मुलींना नेण्या-आणण्यास शाळेची गाडी असे, आणि कन्येचेंही यत्नपूर्वक पालन व शिक्षण करावें अशा अर्थाचें एक संस्कृत वचन विद्यासागरांनीं त्या गाडीच्या अंगावर लिहवून घेतलें होतें. आंत बसलेली मुलगी रस्त्यावरच्या माणसाला दिसूं नये, पण शास्त्र मात्र दिसावें! त्या काळच्या स्त्रीशिक्षणाची सारी अडचण व सारी युक्ति त्या एका गाडींत होती.

१८७८ सालीं बंग महिला विद्यालय या शाळेंत मिळून गेलें. त्याच सालीं कादंबिनी बसु ही विद्यार्थिनी कलकत्ता विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उतरली, आणि तिच्या एकटीकरितां महाविद्यालयाचा वर्ग उघडावा लागला. एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थिनी! १८८३ च्या आरंभीं ती व चंद्रमुखी बसु या दोघी बी. ए. झाल्या. शाळा आणि महाविद्यालय एकत्रच नांदत असल्यामुळें दहा वर्षांच्या पोरीला बी. ए. चा अभ्यास करणारी मुलगी रोज डोळ्यांनीं दिसे. शंभर व्याख्यानांनीं होणार नाहीं तें काम अशा शेजारानें होतें.

त्या वेळीं महाविद्यालयाच्या वर्गांत कामिनी सेन नांवाची अठरा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील चंडीचरण सेन हे ब्राह्म समाजाचे गृहस्थ, ग्रंथकार, आणि न्यायखात्यांतले अधिकारी. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. वर्षाच्या आरंभींच इल्बर्ट बिलावरून युरोपियन मंडळींनीं रान उठविलें होतें. हिंदी मॅजिस्ट्रेटापुढें गोऱ्या आरोपीनें उभें राहावें ही कल्पनाच त्यांना सहन होईना. अशांत कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति नॉरिस यांनीं एका खटल्यांत शाळिग्राम कोर्टांत आणविला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनीं आपल्या ‘बेंगाली’ पत्रांत त्यावर जळजळीत टीका केली, आणि कोर्टाच्या बेअदबीबद्दल ५ मे रोजीं त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. न्यायासनावरील एकटे रमेशचंद्र मित्र शिक्षेच्या बाबतींत इतरांहून वेगळ्या मताचे होते.

शहर खवळलें. मुलग्यांच्या कॉलेजांतील विद्यार्थी हायकोर्टाभोंवतीं जमले, खिडक्यांच्या कांचा फुटल्या, पोलिसांवर दगड पडले. त्या दंगेखोरांत एक आशुतोष मुखर्जी होते, पुढें त्याच विद्यापीठाचे कुलगुरु झालेले! मुलग्याचें असें सारें खपून जातें. वय झालें कीं तेंच कौतुकानें सांगितलें जातें.

बेथून शाळेच्या मुलींना मात्र असलें कांहीं करण्याची सोय नव्हती, आणि हें कामिनीला पुरतें ठाऊक असलें पाहिजे. एका मुलीनें रस्त्यावर आरडाओरड केली असती तर दुसऱ्या दिवशीं शाळेची गाडी कितीएक दारांवरून रिकामी परतली असती. संस्था सरकारच्या देखरेखीखालची. घरचे वडील सरकारी नोकर. तेव्हां कामिनीनें व तिच्या जोडीच्या मुलींनीं काळ्या फिती धारण केल्या आणि लहान मुलींनाही त्या लावावयास सांगितलें. एवढेंच. फीत कोणाचें डोकें फोडीत नाहीं, तीबद्दल कोणाला तुरुंगांत घालतां येत नाहीं, पण गाडींतून उतरून घरांत शिरणाऱ्या मुलीला आई विचारतेच, “हें काय ग लावलेंस?” आणि मग मुलीला उत्तर द्यावें लागतें. हायकोर्टाचा निकाल अशा रीतीनें माजघरापर्यंत पोंचला.

लहान मुलींतली एक होती सरला घोषाल, महर्षि देवेंद्रनाथ ठाकुरांची नात. ती तेव्हां दहा वर्षांची. देशाच्या गोष्टींशीं आपलाही कांहीं संबंध आहे हें वरच्या वर्गांतील या मुलींपासून आपण शिकलों, असें तिनें उतारवयांत आपल्या आठवणींत नमूद केलें. जिच्या घरीं वडील राष्ट्रसभेचे कार्यकर्ते आणि आई स्वर्णकुमारी देवी नामांकित लेखिका, तिलासुद्धां हा धडा शाळेंतल्या थोरल्या मुलीकडून मिळावा यांत शिक्षकांनीं विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.

महाराष्ट्राला हा काळ परका नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८८४ सालीं, न्यायमूर्ति रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर यांच्या खटपटीनें पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. हुजूरपागा या नांवानें तें घरोघर माहीत आहे. त्याच्या अभ्यासक्रमावर व वेळांवर टिळकांच्या पत्रांनीं केलेली टीका प्रसिद्धच आहे. रमाबाई रानड्यांना गव्हर्नरसाहेबांपुढें इंग्रजींत भाषण वाचल्याबद्दल घरांतल्या वडील बायकांचीं किती बोलणीं खावीं लागलीं तें त्यांनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत लिहून ठेवलें आहे. अशा हवेंत शाळेंत जाणाऱ्या मुलीचें नुसतें रोज वेळेवर हजर होणें हेंसुद्धां धिटाईचेंच काम होतें. पुण्यांत काय किंवा कलकत्त्यांत काय, एका मुलीची चूक ही साऱ्या शाळेची चूक ठरत असे.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. कामिनी १८८६ सालीं संस्कृत घेऊन बी. ए. झाली आणि त्याच शाळेंत शिकवूं लागली. विवाहानंतर कामिनी राय या नांवानें कवयित्री म्हणून बंगालभर गाजली. सरला १८९० सालीं बी. ए. झाली, आणि पोटासाठीं नोकरीची मुळींच गरज नसतां घरापासून दूर म्हैसूरला महाराणींच्या कन्याशाळेंत शिकवावयास गेली. १९१० सालीं अलाहाबादेस भारत स्त्री महामंडळ स्थापन करणाऱ्या सरलादेवी चौधुरानी त्या याच.

१९२१ सालीं बंगालच्या कौन्सिलांत स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव आला तेव्हां त्यासाठीं झटणाऱ्या स्त्रियांत कामिनी राय पुढें होत्या. ठराव फेटाळला गेला. त्यांनीं व त्यांच्या सोबतिणींनीं काम सोडलें नाहीं, आणि १९२५ सालीं मर्यादित कां होईना, तो हक्क मिळाला. १९२६ च्या निवडणुकींत बंगालच्या स्त्रियांनीं प्रथम मतें दिलीं. काळी फीत लावणारी ती मुलगी तेव्हां साठी उलटलेली होती.