अपुरे राहिलेले लेखन आणि कथाकादंबरीकार

कथाकादंबरीकाराच्या मनात जे असते आणि हातून जे उतरते, त्यांत अंतर राहतेच. पण ही अंतरे एका जातीची नसतात. कुणाची कादंबरी मध्येच थांबते, कुणाच्या हातून एकच होते, तर कुणाचे लेखन पुरे होऊनही वाचकांपर्यंत पोचत नाही. या सगळ्यांना ‘राहून गेले’ असे एकच नाव दिले, की लेखक स्वतःलाच दोष देत बसतो. खरी कारणे मात्र न तपासता राहतात.

हरि नारायण आपट्यांचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. मराठी सामाजिक कादंबरीचा पाया घालणाऱ्या या लेखकाच्या ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपुऱ्याच आहेत. 1890 मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरिभाऊ क्रमशः लिहीत. पुढचे प्रकरण हातावेगळे होण्याआधी मागचे छापून वाचकांच्या हाती गेलेले असे, त्यामुळे कथानक अडले तरी मागे जाऊन धागा बदलता येत नसे. शिवाय आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम होतेच. 1919 मध्ये ते गेले, तोवर या कादंबऱ्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. पण याच क्रमशः पद्धतीतून ‘पण लक्षात कोण घेतो’ही आली. तिची नायिका यमू स्वतःच्या तोंडाने माहेर-सासरची हकीकत सांगते, स्वयंपाकघरातल्या बोलण्यापासून वडीलधाऱ्यांच्या धाकापर्यंत सगळे सावकाश उलगडते. हा ऐसपैसपणा साप्ताहिकाच्या चालीला मानवणारा होता. हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्या आणि पुऱ्या झालेल्या कादंबऱ्या एकाच कार्यपद्धतीतून निघाल्या आहेत. एकींचे कौतुक करून दुसऱ्यांना अपयशाच्या खात्यात टाकणे अन्यायाचे आहे.

विश्राम बेडेकरांची गोष्ट वेगळी. 1939 मध्ये आलेली ‘रणांगण’ ही त्यांची एकमेव कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हेर्टा यांचे प्रवासातले प्रेम, एवढ्या अवकाशात येऊ घातलेल्या महायुद्धाची सगळी दहशत त्यांनी उभी केली. पुढे बेडेकर चित्रपटांत रमले, नाटके लिहिली, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मकथनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरी कादंबरी मात्र आली नाही. ती यायला हवी होती, ही हळहळ वाचकाची आहे. पुस्तकांच्या संख्येवरून कादंबरीकाराचे मोल ठरवण्याची सवय मराठी समीक्षेने अजून पुरती सोडलेली नाही आणि नवे लेखक त्याच मापाने स्वतःला खुजे ठरवतात.

कथेला कादंबरीची पायरी समजणे हेही असेच घातक माप आहे. जी. ए. कुलकर्णींच्या नावावर स्वतंत्र कादंबरी नाही. ‘रमलखुणा’ या संग्रहातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांनंतर ती असायला हवी होती, असे कोण म्हणेल? कॉनरॅड रिक्टरच्या अमेरिकन कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, पण स्वतःसाठी कथेचाच घाट निवडला.

वाचक न मिळण्याचे दुःख या सगळ्यांहून निराळे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात, लेखणीवर घर चालत नाही, आणि बहुतेक कादंबरीकार शाळा-कॉलेज, बँक किंवा सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळून लिहितात. इथे अपुरे राहते ते लेखकाचे कसब नव्हे. वितरण, ग्रंथालयांची खरेदी आणि वाचनाची सवय यांचा हा प्रश्न आहे. लेखकाने तो स्वतःच्या प्रतिभेच्या नावावर मांडू नये.

मग कपाटातल्या बाडाचे काय करायचे? ‘साभार परत’ आलेले लेखन प्रथम वर्षभर बाजूला ठेवून अनोळखी वाचकासारखे वाचावे लागते. बऱ्याचदा पंधरा प्रकरणांतले एखादेच स्वतःच्या पायावर उभे असते; ते कथा म्हणून दिवाळी अंकात जाऊ शकते. एखादे पात्र जिवंत असते, पण चुकीच्या कथानकात अडकलेले, त्याला नवे घर द्यावे लागते. ज्या बाडातले एकही वाक्य आज आपले वाटत नाही, त्यावर तारीख घालून ते बांधून ठेवावे, आणि नवी वही उघडावी.