स्पिशचा गड

पूर्व स्लोव्हाकियात शेताशिवारांतून जाताना स्पिशचा गड कितीतरी आधीपासून दिसू लागतो. बाराव्या शतकातला हा किल्ला चार हेक्टरांहून मोठा. १२४१ च्या मंगोल स्वारीत तो टिकला. १७८० च्या आगीत मात्र जळाला. १९९३ पासून तो जागतिक वारसा आहे.

चढताना घाई करू नका. पायाखालचा पांढुरका दगड हातानं चाचपून बघा. खनिज झऱ्यांतला चुना थरावर थर साचून तो तयार झालाय, बारीक छिद्रांचा. उतारावरच्या गवतात खारीच्या कुळातला एक बिळकरी प्राणी मागच्या पायांवर उभा राहून तुमच्याकडे टक लावून पाहील. आणि हो, जवळच्या झेहरा गावातलं तेराव्या शतकातलं चर्च चुकवू नका. तिथली भित्तिचित्रं मला गडाइतकीच मोलाची वाटतात.